घाटाचा उतार आणि मोटारीचे ब्रेक फ्लुइड : निवड कशी करावी?

उन्हाळ्याच्या सुटीत सिमला आणि मनालीकडे जाणाऱ्या महाराष्ट्रातील पर्यटकांसाठी चंदीगड हे प्रवेशद्वार आहे. काही जण येथून भाड्याची मोटार घेतात, तर काही पुण्या-मुंबईहून स्वतःच्या मोटारीने येतात. संरक्षण दले आणि केंद्र सरकारची कार्यालये यांतील नोकरीनिमित्त या परिसरात राहणारी मराठी कुटुंबेही सुटीच्या दिवशी डोंगराकडे वळतात. प्रवासाला निघण्यापूर्वी टायरमधील हवा, इंजिन ऑइल आणि पेट्रोल यांची तपासणी बहुतेक जण करतात. बॉनेटखालच्या एका छोट्या, पांढुरक्या प्लास्टिकच्या भांड्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. त्यात ब्रेक फ्लुइड असते. गॅरेजच्या भाषेत त्याला ब्रेक ऑइल म्हणतात. ते कोणत्या प्रतीचे असावे आणि किती जुने असावे, यावर उतारावरील सुरक्षितता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

चंदीगड ते सिमला हे अंतर सुमारे 115 किलोमीटर आहे. समुद्रसपाटीपासून चंदीगडची उंची सुमारे 320 मीटर, कालक्याची सुमारे 650 मीटर, तर सिमल्याची सुमारे 2,200 मीटर आहे. म्हणजे सिमल्याहून कालक्यापर्यंत परतताना मोटार साधारण 1,550 मीटर खाली उतरते. प्रवासी आणि सामान धरून 1,400 किलो वजनाची मोटार एवढी खाली उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे 8 लिटर पाण्याची पूर्ण वाफ होऊ शकेल. यातील काही वाटा इंजिनाचा रोध, हवेचा रोध आणि टायरचे घर्षण यांत खर्च होतो. उरलेली सर्व उष्णता ब्रेकना पेलावी लागते. चालक उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडत असेल, तर इंजिनाचा वाटाही ब्रेकवरच येतो.

महाराष्ट्रातील घाटांची स्थिती वेगळी नाही. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी मोटार सुमारे 40 किलोमीटरमध्ये 1,200 मीटरहून अधिक खाली येते. किलोमीटरमागे उताराचा हिशेब केला, तर हा घाट सिमला-कालका मार्गापेक्षा अधिक तीव्र ठरतो. त्यामुळे पुढील माहिती सह्याद्रीतील वाहनचालकांनाही तितकीच लागू पडते.

ब्रेक फ्लुइडचे कार्य

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत शिकवला जातो. मोटारीचे ब्रेक याच नियमावर चालतात. चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील द्रवावर दाब येतो. हा दाब बारीक धातूच्या नळ्या आणि रबरी होज यांतून चारही चाकांपर्यंत जातो. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरमधील पिस्टन पॅडना डिस्कवर दाबतो, तर ड्रम ब्रेकमध्ये व्हील सिलिंडर शू बाहेर ढकलतो.

या रचनेचा आधार एकच आहे. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. द्रव उकळून नळीत वाफेचे बुडबुडे तयार झाले, तर पायाचा सारा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जातो आणि चाकापर्यंत दाब पोहोचत नाही. पेडल एकदम मऊ होते आणि खालपर्यंत जाते. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. घाटात ब्रेक फेल झाल्याच्या घटनांमागे असलेल्या कारणांपैकी हे एक महत्त्वाचे कारण आहे.

याच्याशी साधर्म्य असलेला दुसरा दोष म्हणजे पॅड तापून त्यांची पकड कमी होणे. त्या वेळी पेडल घट्टच राहते, पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ झाले तर दोष द्रवाकडे आणि पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल तर दोष पॅडकडे, असा ढोबळ फरक वाहनचालकांनी लक्षात ठेवावा.

एरंडेलापासून ग्लायकॉलपर्यंत

माल्कम लॉकहीड या अमेरिकी अभियंत्याने 1917 मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट मिळवले. 1921 मध्ये ड्युसेनबर्ग कंपनीच्या मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक बसवण्यात आले. सुरुवातीच्या काळात ब्रेक फ्लुइड म्हणून एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरले जात असे. एरंडेलामुळे सिलिंडरमधील रबराला आणि पिस्टनला वंगण मिळे, तर अल्कोहोलमुळे मिश्रण पातळ राही. मोटारींचा वेग आणि वजन वाढले, डिस्क ब्रेक आले, तसे हे मिश्रण अपुरे पडू लागले. त्याची जागा ग्लायकॉल इथर या रसायनांवर आधारित द्रवांनी घेतली. आज वापरात असलेले बहुतेक सर्व ब्रेक फ्लुइड याच कुळातील आहेत.

डॉट म्हणजे काय?

बाटलीवर डॉट 3, डॉट 4 असे आकडे छापलेले असतात. डॉट ही अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. त्या खात्याच्या सुरक्षा मानक क्रमांक 116 मध्ये या प्रती ठरवून दिल्या आहेत. भारतीय बनावटीच्या बाटल्यांवर त्यासोबत आयएस 8654 हा भारतीय मानकाचा क्रमांक आढळतो.

या वर्गीकरणाचा मुख्य निकष उत्कलनबिंदू हा आहे आणि तो दोन प्रकारे दिला जातो. नव्या, सीलबंद द्रवाचा तो कोरडा उत्कलनबिंदू. द्रवात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरल्यानंतरचा तो ओला उत्कलनबिंदू. मानकानुसार त्यांची किमान मूल्ये अंश सेल्सिअसमध्ये पुढीलप्रमाणे आहेत.

डॉट 3 : कोरडा 205, ओला 140
डॉट 4 : कोरडा 230, ओला 155
डॉट 5.1 : कोरडा 260, ओला 180
डॉट 5 : कोरडा 260, ओला 180

डॉट 3 हे ग्लायकॉल इथरवर आधारित असते. डॉट 4 आणि डॉट 5.1 मध्ये त्यासोबत बोरेट एस्टर ही संयुगे असतात. त्यामुळे पाणी मुरल्यावरही त्यांचा उत्कलनबिंदू तुलनेने वर राहतो. हे तिन्ही प्रकार एकाच कुळातील आहेत. डॉट 5 मात्र सिलिकोनवर आधारित असून ते सर्वस्वी वेगळे आहे.

खरा शत्रू पाणी

वरील आकड्यांकडे बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. नव्या डॉट 3 साठी किमान उत्कलनबिंदू 205 अंश आहे, तर पाणी मुरलेल्या डॉट 4 साठी तो केवळ 155 अंश आहे. म्हणजे कित्येक वर्षे न बदललेल्या डॉट 4 पेक्षा नुकतेच भरलेले डॉट 3 घाटात अधिक सुरक्षित ठरू शकते. ब्रेक फ्लुइडची निवड करताना प्रतीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व त्याच्या वयाला आहे.

ग्लायकॉलवर आधारित द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. भांड्याच्या झाकणातील हवेच्या बारीक मार्गातून आणि रबरी होजच्या भिंतींतूनही बाष्प हळूहळू आत झिरपते. गाडी कमी चालली म्हणून ही क्रिया थांबत नाही. चंदीगडमध्ये वर्षाला सुमारे 1,100 मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलै ते सप्टेंबर हे महिने दमट असतात. कोकणात आणि मुंबईत तर हवेतील आर्द्रता वर्षभर जास्त असते. घराखाली उभी राहणारी, वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच चालणारी मोटारही याला अपवाद नाही.

हा गुणधर्म दोष वाटला, तरी त्याची एक बाजू उपयुक्त आहे. शोषलेले पाणी द्रवात सर्वत्र विरघळून राहते, ते एका जागी साचत नाही. शुद्ध पाण्याचा थेंब कॅलिपरजवळ साचला असता, तर तो 100 अंशांच्या आसपासच उकळला असता आणि हिवाळ्यात गोठलाही असता. मात्र पाण्याचे प्रमाण वाढत गेले, की उत्कलनबिंदू घसरण्याबरोबरच पिस्टन, नळ्या आणि एबीएसच्या झडपा यांना आतून गंज चढू लागतो.

शहरात रोजच्या वापरात याची जाणीव होत नाही, हे विशेष. चंदीगडचे रस्ते सपाट आणि सरळ आहेत. तेथे ब्रेक क्वचितच इतके तापतात. त्यामुळे पाच वर्षे जुने फ्लुइड असलेली मोटारही शहरात व्यवस्थित थांबते. तिची खरी परीक्षा सोलनच्या पुढे, भरलेल्या गाडीने सलग उतार उतरताना होते.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. गाडी धावत असताना डिस्कला वारा लागतो आणि ती थंड होत राहते. लांब उतार उतरून चालक धरमपूरजवळ चहासाठी थांबला, की तो वारा बंद होतो. तापलेल्या डिस्कची आणि पॅडची उष्णता कॅलिपरमध्ये आणि तेथून द्रवात शिरते. त्यामुळे काही वेळा गाडी थांबल्यानंतर द्रव उकळतो आणि पुन्हा निघताना पेडल मऊ लागते. थांब्यानंतर गाडी सुरू करताच, उतारावर नेण्यापूर्वी, पेडल दाबून पाहण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

कोणते फ्लुइड निवडावे?

पहिला नियम असा की, मोटारीच्या उत्पादकाने सांगितलेली प्रतच वापरावी. ती भांड्याच्या झाकणावर आणि मालकासाठीच्या माहितीपुस्तिकेत छापलेली असते. भारतातील अनेक लहान मोटारींसाठी डॉट 3 किंवा डॉट 4 सुचवलेले असते.

झाकणावर डॉट 3 लिहिले असेल, तर डॉट 4 भरणे सर्वसाधारणपणे चालते. दोन्ही द्रव एकमेकांत मिसळतात आणि उत्कलनबिंदू वाढल्याने घाटात लाभच होतो. मात्र माहितीपुस्तिकेत स्पष्ट मनाई असल्यास तसे करू नये. उलट, झाकणावर डॉट 4 लिहिले असताना डॉट 3 कधीही भरू नये. जुन्या डॉट 3 मध्ये वरून थोडे डॉट 4 ओतल्याने संपूर्ण द्रव डॉट 4 होत नाही, हेही लक्षात ठेवावे. प्रत वाढवायची असेल, तर जुना द्रव पूर्ण काढून नवा भरावा.

डॉट 5 आणि डॉट 5.1 या नावांतील साम्यामुळे घोटाळा होण्याची शक्यता असते. डॉट 5.1 हे ग्लायकॉल कुळातील असून डॉट 3 आणि डॉट 4 यांच्याशी जुळते. सिलिकोनचे डॉट 5 त्यांच्यात मिसळत नाही. ते पाणी शोषत नसल्याने आत आलेले पाणी खोलगट भागी साचते. त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकून राहतात, म्हणून एबीएस असलेल्या मोटारींना ते योग्य नाही. अमेरिकी मानकानुसार डॉट 5 चा रंग जांभळा ठेवला जातो, तर इतर तिन्ही रंगहीन ते मधासारख्या पिवळसर असतात. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, हा समज येथे धोकादायक ठरतो.

शर्यतीच्या मोटारींसाठी मिळणाऱ्या, फार उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवांचाही मोह टाळावा. शर्यतीच्या मोटारींमध्ये ते वारंवार बदलले जातात. कौटुंबिक मोटारीत दोन वर्षे टिकावेत, अशा हेतूने ते तयार केलेले नसतात.

थंडी, एबीएस आणि पातळपणा

चंदीगडहून मनालीमार्गे लाहौल आणि लेहकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. रोहतांग खिंडीखालून जाणारा 9 किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर 2020 मध्ये खुला झाला आणि हिवाळ्यातही लाहौलपर्यंत वाहने जाऊ लागली. तेथे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. अशा वेळी उत्कलनबिंदूबरोबर द्रवाचा पातळपणाही महत्त्वाचा ठरतो.

एबीएस ही यंत्रणा चाक घसरू लागताच ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा कमी-जास्त करते. त्यासाठी द्रव बारीक झडपांतून झटपट वाहावा लागतो. थंडीत दाट झालेला द्रव मंद वाहतो. उणे 40 अंशांवर डॉट 4 ची चिकटता 1,800 चौरस मिलिमीटर प्रति सेकंद इतकी असू शकते. डॉट 3 साठी ही मर्यादा 1,500, तर डॉट 5.1 साठी 900 आहे. आयएसओ 4925 या आंतरराष्ट्रीय मानकातील सहाव्या वर्गाच्या द्रवासाठी ती 750 इतकी कमी आहे. अनेक आधुनिक मोटारींसाठी उत्पादक कमी चिकटतेचे डॉट 4 सुचवतात. अशा मोटारीत साधे डॉट 4 भरले, तर बाटलीवरील आकडा जुळूनही द्रव योग्य ठरत नाही. म्हणून केवळ डॉटचा आकडा न पाहता माहितीपुस्तिकेतील संपूर्ण तपशील पाहावा.

खरेदी करताना

चंदीगडमध्ये मनीमाजरा येथील मोटार बाजार दुरुस्ती आणि सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे किंवा इतरत्र ब्रेक फ्लुइड घेताना पुढील बाबी तपासाव्यात.

बाटलीचे सील शाबूत असावे. झाकणाखालचा पातळ पडदा फाटलेला असल्यास बाटली परत करावी. सुटे किंवा मोठ्या डब्यातून काढून दिलेले फ्लुइड घेऊ नये, कारण उघड्या डब्यातील द्रवाने बाष्प शोषलेले असते. उत्पादनाची तारीख पाहावी. डॉटची प्रत आणि भारतीय मानकाचा क्रमांक स्पष्ट छापलेला असावा. बाटल्या साधारणपणे 250 मिलिलिटर, 500 मिलिलिटर आणि 1 लिटरच्या असतात. लहान मोटारीतील संपूर्ण द्रव बदलण्यासाठी साधारण अर्धा ते एक लिटर लागतो.

उरलेली अर्धी बाटली पुढील वर्षासाठी जपून ठेवण्याची काटकसर येथे उपयोगाची नाही. ग्लायकॉलचे हे द्रव विषारी असतात. ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कदापि ठेवू नयेत आणि मुलांपासून दूर ठेवावेत.

केव्हा आणि कसे बदलावे?

माहितीपुस्तिकेत वेगळे सांगितलेले नसल्यास दर 2 वर्षांनी ब्रेक फ्लुइड पूर्ण बदलावे. केवळ रंगावरून निर्णय घेऊ नये. काळपट द्रव जुना असण्याची शक्यता असते, पण स्वच्छ दिसणाऱ्या द्रवातही पाणी मुरलेले असू शकते. अनेक गॅरेजमध्ये पेनासारखे एक साधन असते. ते द्रवात बुडवले की पाण्याचे अंदाजे प्रमाण दिवे लागून कळते. हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास असेल, तर डोंगराकडे निघण्यापूर्वी द्रव बदलणेच श्रेयस्कर.

बदल करताना भांड्यातील जुना द्रव काढून नवा ओतणे पुरेसे नाही. सर्वांत तापणारा द्रव चाकांजवळ, कॅलिपरमध्ये असतो. त्यामुळे चारही चाकांकडील स्क्रू क्रमाने सैल करून, स्वच्छ द्रव येईपर्यंत जुना द्रव बाहेर काढावा लागतो. याच कामात नळ्यांमधील हवाही निघते. काही मोटारींत एबीएसमधील द्रव काढण्यासाठी संगणकीय उपकरण जोडावे लागते. म्हणून हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. फ्लुइड मोटारीच्या रंगावर सांडल्यास रंग निघतो, तेव्हा तो भाग लगेच भरपूर पाण्याने धुवावा.

भांड्यातील पातळी कमी झाली, म्हणून वरून भर घालण्यापूर्वी कारण शोधावे. पॅड झिजत जातात तशी पातळी सावकाश उतरते. ती अचानक उतरली, तर गळतीची शक्यता असते आणि तशी गाडी चालवू नये. अनेक मोटारींत क्लचही याच भांड्यातील द्रवावर चालतो, हे तपासताना ध्यानात ठेवावे. ब्रेकच्या भांड्यात इंजिन ऑइल किंवा अन्य खनिज तेल चुकूनही ओतू नये. त्यामुळे रबरी सील फुगतात आणि संपूर्ण ब्रेक यंत्रणा निकामी होऊ शकते.

उतारावर चालवताना

उत्तम फ्लुइडही चुकीच्या चालवण्याला पर्याय ठरत नाही. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरते. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी उतरवू नये. पेडलवर सतत पाय ठेवण्याऐवजी गरजेपुरता दाब देऊन वेग कमी करावा आणि पाय काढावा, म्हणजे डिस्कला थंड होण्यास वेळ मिळतो.

पेडल मऊ लागल्यास ते वारंवार भरभर दाबावे. त्यामुळे काही दाब पुन्हा निर्माण होऊ शकतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणावा आणि हॅंडब्रेक झटका न देता हळूहळू ओढावा. अनेक मोटारींत हॅंडब्रेक तारेवर चालतो, त्यामुळे द्रव उकळला तरी तो काम करतो. गाडी दरीच्या बाजूला न नेता डोंगराच्या बाजूला घ्यावी. थांबल्यावर ब्रेक थंड झाले आणि पेडल पूर्ववत झाले, तरी दोष दूर झाला असे समजू नये. फ्लुइड बदलल्याशिवाय पुढील उतार उतरू नये.

भाड्याच्या मोटारीने प्रवास करणाऱ्यांनीही निघण्यापूर्वी चालकाला ब्रेक ऑइल केव्हा बदलले, हे विचारण्यास संकोच करू नये. झाकणावर लिहिलेली प्रत, सीलबंद बाटली आणि दोन वर्षांची मर्यादा, या तीन गोष्टी पाळल्या तर त्यासाठी होणारा खर्च प्रवासाच्या एकूण खर्चापुढे नगण्य असतो.